वसाहतकालीन कारागिराच्या मालमत्तेची वाटणी

ब्रिटिश सत्तेखालील उत्तर अमेरिकी वसाहतींत (१६०७–१७७६) स्वतःचे दुकान किंवा कार्यशाळा चालविणारा कारागीर मरण पावल्यावर त्याची मालमत्ता धनको, विधवा व मुले यांच्यात वाटून देण्याची विधिमान्य पद्धती. लोहार, सुतार, पिंपे बनविणारे, कातडी कमावणारे, जोडे शिवणारे, चांदीकाम करणारे, मुद्रक, साबण व मेणबत्त्या तयार करणारे इ. व्यावसायिकांचा या वर्गात समावेश होत असे. बॉस्टन, न्यूपोर्ट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व चार्ल्सटन (तत्कालीन चार्ल्स टाउन) ही या वर्गाची प्रमुख केंद्रे होती.

जमीनदाराच्या वाटणीहून कारागिराच्या वाटणीचा प्रश्न वेगळा होता. जमीनदाराची संपत्ती मुख्यतः जमिनीत असे. कारागिराची संपत्ती घर, हत्यारे, कच्चा व तयार माल आणि ग्राहकांकडील उधारी यांत विखुरलेली असे. घर व दुकान बहुधा एकाच छपराखाली असत. पत्नी गिऱ्हाइके पाही, शिकाऊ उमेदवारांचे जेवणखाण सांभाळी आणि पुष्कळदा हिशेबही ठेवी. कुटुंबाचा निर्वाह ज्या एकसंध व्यवहारावर चाले, त्याचे कायदा पतीच्या मृत्यूनंतर स्थावर व जंगम असे दोन भाग पाडी आणि प्रत्येक भागास निराळा नियम लावी. ‘विधवेचा तिसरा हिस्सा’ हा शब्दप्रयोग सर्व वसाहतींत रूढ होता. तथापि तिच्या हाती प्रत्यक्षात काय पडे, हे मालमत्तेचा प्रकार, कर्जाचे प्रमाण व त्या त्या वसाहतीचा कायदा या तीन गोष्टींवर अवलंबून असे.

कायद्याची चौकट : वसाहतींतील वारसाकायद्याचा पाया इंग्लंडच्या सामान्य विधीचा (कॉमन लॉ) होता. त्यानुसार विवाहानंतर पत्नीचे स्वतंत्र विधिविषयक अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिने माहेराहून आणलेली भांडीकुंडी, अंथरुणे, रोकड इ. जंगम वस्तू पतीच्या मालकीच्या होत. म्हणून पतीच्या मृत्यूनंतर होणाऱ्या यादीत या वस्तूही त्याची मालमत्ता म्हणूनच नोंदविल्या जात.

पतीने मृत्युपत्र केलेले नसल्यास स्थावर मालमत्ता ज्येष्ठ पुत्राकडे जाई. जंगम मालमत्तेची वाटणी इंग्लंडमध्ये १६७० च्या वाटणी-अधिनियमाप्रमाणे होत असे. संतती असल्यास विधवेस एक-तृतीयांश व उर्वरित भाग सर्व मुलांना समान. संतती नसल्यास विधवेस निम्मा भाग, असा तो नियम होता. पित्याने हयातीत एखाद्या मुलास धंद्यासाठी वा विवाहासाठी दिलेली रक्कम त्याच्या हिश्शातून वळती केली जाई. ज्येष्ठ पुत्रास मिळालेली जमीन मात्र अशी वळती होत नसे.

व्हर्जिनिया, मेरिलंड, साउथ कॅरोलायना व न्यूयॉर्क या वसाहतींत ज्येष्ठाधिकार सामान्यतः चालू राहिला. न्यू इंग्लंडमधील प्यूरिटन वसाहतींनी निराळा मार्ग स्वीकारला. मॅसॅचूसेट्सच्या १६४१ मधील हक्कसंहितेने, मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीच्या ज्येष्ठ पुत्रास स्थावर व जंगम अशा दोन्ही मालमत्तांत इतरांच्या दुप्पट वाटा दिला. या नियमास बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाचा आधार होता. पुत्र नसल्यास मुली सहवारस होत. पतीने पत्नीसाठी पुरेशी तरतूद केली नसेल, तर तिला विधिमंडळाकडे दाद मागण्याचाही अधिकार याच संहितेने दिला. १६९२ च्या अधिनियमाने ही व्यवस्था अधिक तपशिलाने निश्चित केली. पेनसिल्व्हेनियातही ज्येष्ठ पुत्रास दुप्पट वाटा मिळे.

मातृदेशाच्या व वसाहतींच्या कायद्यांतील हा भेद लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. वेट विंथ्रॉप हा १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता मरण पावल्यावर त्याचा पुत्र जॉन याने कनेक्टिकटमधील सर्व स्थावर मालमत्तेवर हक्क सांगितला. कन्या ॲन लेचमीअर हिच्या बाजूने वसाहतीच्या कायद्यानुसार हिस्सा मागण्यात आला. १७२८ मध्ये कौन्सिलने जॉनच्या बाजूने निर्णय देऊन कनेक्टिकटचा वाटणीविषयक कायदा रद्द ठरविला. या निर्णयामुळे त्या वसाहतीत पूर्वी झालेल्या असंख्य वाटण्या धोक्यात आल्या. पुढे १७३८ मध्ये मॅसॅचूसेट्सचा तशाच स्वरूपाचा कायदा कौन्सिलने ग्राह्य मानला व १७४५ मधील एका निर्णयानंतर कनेक्टिकटची जुनी पद्धतीही व्यवहारात टिकून राहिली.

कार्यपद्धती : न्यू इंग्लंडमध्ये ही कामे परगणा-न्यायालयाकडे व पुढे प्रोबेट न्यायाधीशाकडे असत. मृत्युपत्र असल्यास ते साक्षीदारांच्या जबानीने शाबीत करून त्यात नेमलेल्या व्यक्तीकडे व्यवस्था सोपविली जाई. मृत्युपत्र नसल्यास न्यायाधीश व्यवस्थापनपत्र देई. ते बहुधा विधवेस, ज्येष्ठ पुत्रास किंवा दोघांस मिळून दिले जाई. व्यवस्थापकास जामिनांसह कतबा लिहून द्यावा लागे.

यानंतर मालमत्तेची यादी करण्यात येई. दोन किंवा तीन शेजारी पंच म्हणून नेमले जात व त्यांत त्या धंद्याची माहिती असलेली व्यक्ती घेण्याकडे कल असे. पंच घरातील खोल्या एकामागून एक पाहून प्रत्येक वस्तूची किंमत लिहीत. लोहाराची ऐरण, भाता व सांडशी, सुताराचे रंधे व पटाशा, मुद्रकाचे यंत्र व खिळे, चांदीकाम करणाऱ्याचे तराजू व मोडीची चांदी यांच्या नोंदी पलंग, पितळी भांडी व कपडे यांच्या शेजारीच आढळतात. कातडी कमावणाऱ्याच्या हौदात महिनोनमहिने मुरत पडलेली कातडी हा अर्धवट तयार मालही मोजला जाई. वहीखात्यातील येणी वसूल होण्यासारखी व बुडीत अशी वेगळी दाखविली जात. रोख चलनाची टंचाई असल्याने कारागिराचा बराचसा व्यवहार उधारीवर चाले. त्यामुळे यादीतील मोठा आकडा पुष्कळदा कागदावरचाच ठरे.

करारबद्ध नोकराच्या सेवेचा उरलेला काळ हीदेखील विक्रीयोग्य मालमत्ता मानली जाई. गुलामांची नोंद नाव व किंमत यांसह होई. उत्तरेकडील वसाहतींत ते जंगम मालमत्तेत मोडत, तर व्हर्जिनियात १७०५ च्या अधिनियमाने वारसाच्या प्रयोजनार्थ त्यांस स्थावर ठरविण्यात आले. मालकाच्या कुटुंबातील हिस्से पुरे करण्यासाठी गुलाम मातापित्यांची व मुलांची ताटातूट होणे, हा या पद्धतीचा सर्वांत क्रूर परिणाम होय.

धनकोंचा अग्रहक्क : वाटणीपूर्वी अंत्यविधीचा व व्यवस्थापनाचा खर्च आणि मृताची कर्जे भागवावी लागत. कर्जाचा भार प्रथम जंगम मालमत्तेवर पडे. ती अपुरी पडल्यास न्यायालयाच्या परवानगीने जमीन विकता येई. ब्रिटिश संसदेच्या १७३२ च्या अधिनियमाने वसाहतींतील जमिनी, घरे व गुलाम यांवर कर्जवसुलीचा बोजा स्पष्टपणे ठेवला. मालमत्ता कर्जाहून कमी असल्यास दावे तपासण्यासाठी आयुक्त नेमले जात व धनकोंना प्रमाणशीर रक्कम मिळे.

कारागिराच्या विधवेस हा क्रम विशेष जाचक ठरे. कारण तिला कायमच्या मालकीने जे मिळावयाचे ते जंगम मालमत्तेतून आणि कर्ज प्रथम फिटावयाचे तेही तिच्यातूनच. धंद्याचा माल उधारीवर घेतलेला असल्यास हत्यारे, साठा व घरातील भांडीसुद्धा लिलावात जात. आवश्यक वस्त्रे आणि निर्वाहास लागणाऱ्या काही वस्तू न्यायाधीश तिच्यासाठी बाजूला काढून ठेवू शके.

विधवेचा हिस्सा : स्थावर मालमत्तेवरील विधवेच्या हक्कास ‘डॉवर’ अशी संज्ञा होती. विवाहकाळात पतीच्या मालकीच्या असलेल्या जमिनीच्या व घरांच्या एक-तृतीयांश भागाचा तिला हयातीपुरता उपभोग मिळे. हा भाग तिला विकता येत नसे किंवा मृत्युपत्राने देता येत नसे; तिच्या पश्चात तो पतीच्या वारसांकडे जाई. पतीने जमीन विकताना पत्नीची संमती घेतली नसेल, तर सामान्य विधीप्रमाणे खरेदीदाराविरुद्धही हा हक्क टिकून राही. म्हणूनच अनेक वसाहतींत खरेदीखताच्या वेळी अधिकारी पत्नीस एकांतात विचारून तिची संमती नोंदवीत. कनेक्टिकटमध्ये मात्र हा हक्क पतीच्या मृत्यूसमयी त्याच्याकडे असलेल्या जमिनीपुरताच होता. मॅसॅचूसेट्समध्ये डॉवर सामान्यतः धनकोंपासून सुरक्षित असे. पेनसिल्व्हेनियात कर्ज फिटल्यावर उरेल त्यातच विधवेस हिस्सा मिळे.

शहरातील लहान घरात एक-तृतीयांश भाग काढून देणे ही अवघड गोष्ट होती. पंच घराची मोजणी करून विधवेस एखादी दर्शनी खोली, तिच्यावरील माडीची खोली व तळघराचा काही भाग नेमून देत. त्यासोबत जिना, दार, भट्टी व विहीर यांचा वापर आणि अंगणातून जाण्यायेण्याची वाट यांचाही उल्लेख करावा लागे. उरलेल्या भागात विवाहित पुत्र किंवा परका भाडेकरी राहत असे. जे घर तिने अनेक वर्षे चालविले, त्यातील चूल व वाट यांवरचा तिचा अधिकार यापुढे न्यायालयातील एका दस्तऐवजावर अवलंबून राही.

मुलांचे हिस्से : मॅसॅचूसेट्सच्या पद्धतीत मुलांच्या संख्येहून एक अधिक इतके वाटे पाडून त्यांपैकी दोन ज्येष्ठ पुत्रास देत. घराचे किंवा जमिनीचे तुकडे केल्याने तिची उपयुक्तता नष्ट होणार असेल, तर पंचांनी ठरविलेल्या किमतीस ती संपूर्ण मालमत्ता ज्येष्ठ पुत्राने घ्यावी आणि भावंडांना त्यांचे वाटे पैशाने द्यावेत, अशी सोय होती. एकाच दुकानावर चालणाऱ्या धंद्याच्या दृष्टीने ती आवश्यक होती; परंतु त्यामुळे धंदा हाती घेणारा तरुण आरंभीच आपल्या भावंडांचा ऋणको होई.

दोन्ही पद्धतींतील फरक पुढील कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका कारागिराच्या मागे विधवा, तीन पुत्र व एक कन्या आहे. जंगम मालमत्ता १५० पौंड, सर्व कर्ज व खर्च ६० पौंड आणि घर-जमिनीची किंमत १५० पौंड आहे. कर्ज फिटल्यावर ९० पौंडांची जंगम मालमत्ता उरते. दोन्ही पद्धतींत विधवेस तीतून ३० पौंड कायमचे व ५० पौंड किमतीच्या स्थावराचा हयातीपुरता उपभोग मिळतो. मुलांसाठी राहिलेल्या ६० पौंडांची व अखेरीस त्यांच्याकडे येणाऱ्या १५० पौंडांच्या स्थावराची मॅसॅचूसेट्समध्ये पाच वाट्यांत विभागणी होऊन ज्येष्ठ पुत्रास एकूण ८४ पौंड व इतर प्रत्येकास ४२ पौंड मिळतात. सामान्य विधीप्रमाणे ज्येष्ठ पुत्रास सर्व स्थावर व १५ पौंड मिळून १६५ पौंड मिळतात, तर इतरांस प्रत्येकी केवळ १५ पौंड. कर्ज ६० ऐवजी १५० पौंड असेल, तर जंगम मालमत्ता पूर्ण संपते. सामान्य विधीखाली धाकट्या मुलांच्या हाती काहीच उरत नाही व विधवेकडे फक्त हयातीपुरते घर राहते.

अल्पवयीन मुलांसाठी न्यायालय पालक नेमी. पित्याच्या पश्चात माता आपोआप पालक ठरत नसे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास आपला पालक स्वतः निवडता येई. पुत्रास एकविसाव्या वर्षी व कन्येस बहुधा अठराव्या वर्षी किंवा विवाहसमयी हिस्सा मिळे. ज्यांच्यासाठी काही उरत नसे, अशा मुलांना दुसऱ्या कारागिराकडे शिकाऊ उमेदवार म्हणून बांधून देत. वाटणीस होणारा विलंबही हानिकारक ठरे. मॅसॅचूसेट्समधील कागदी चलनाचे मूल्य १७४० नंतरच्या दशकात झपाट्याने घसरल्यामुळे रोख रकमेत ठरलेले हिस्से हाती पडेपर्यंत क्षीण होऊन जात. त्या वसाहतीने १७५० मध्ये हे चलन मागे घेऊन चांदीच्या नाण्यांचा स्वीकार केला.

मृत्युपत्राची भूमिका : कायद्याने ठरविलेली वाटणी टाळण्यासाठी किंवा तीत फेरफार करण्यासाठी मृत्युपत्र करीत. अनेक कारागीर संपूर्ण घर पत्नीस तिच्या हयातीपर्यंत व दुकानाची हत्यारे तोच धंदा शिकलेल्या पुत्रास देत. मुलींना पलंग, भांडी व रोख रक्कम मिळे. पत्नीस द्यावयाचे जळाऊ लाकूड, धान्य, गाय इत्यादींची जबाबदारी पुत्रावर टाकलेली आढळते. पुष्कळ मृत्युपत्रांत हे लाभ ‘वैधव्य असेपर्यंत’ अशा अटीने बांधलेले असत. डॉवरचा हक्क मात्र पुनर्विवाहाने नष्ट होत नसे. त्यामुळे मृत्युपत्रातील तरतूद कायदेशीर हिश्शाहून कमी वाटल्यास ती नाकारून डॉवर मागण्याचा पर्याय विधवेस खुला होता. मालमत्ता अल्प असलेल्या कुटुंबांत मृत्युपत्र न करता मृत्यू येणे हीच नित्याची गोष्ट होती.

धंदा चालविणाऱ्या विधवा : जेथे कर्ज आटोक्यात होते व विधवेस धंद्याचे ज्ञान होते, तेथे हत्यारे न विकता दुकान चालू ठेवणे सर्वांस हितकर ठरे. न्यूपोर्ट येथील मुद्रक जेम्स फ्रँक्लिन १७३५ मध्ये मरण पावल्यावर त्याची विधवा ॲन फ्रँक्लिन (१६९६–१७६३) हिने मुद्रणालय चालविले व ऱ्होड आयलंड वसाहतीच्या सरकारी छपाईचे काम मिळविले. चार्ल्सटन येथील लूइस टिमथी याचा धंदा बेंजामिन फ्रँक्लिनच्या (१७०६–९०) भागीदारीत होता. फ्रँक्लिनने यंत्र व खिळे पुरविले होते. खर्चाचा एक-तृतीयांश भाग तो सोशी व नफ्याचा एक-तृतीयांश घेई. टिमथीच्या पश्चात धंदा त्याच्या पुत्राकडे जाईल, असे करारात ठरले होते. १७३८ च्या अखेरीस टिमथी मरण पावला, तेव्हा पुत्र पीटर अल्पवयीन होता. त्याची माता एलिझाबेथ टिमथी हिने साउथ कॅरोलायना गॅझेट हे वृत्तपत्र खंड न पाडता पुढे चालविले व दर तिमाहीस फ्रँक्लिनकडे चोख हिशेब पाठविले. शेवटी तिने मुद्रणालय विकत घेतले आणि पुत्राकडे सोपविले. फ्रँक्लिनने आत्मचरित्रात तिच्या हिशेबीपणाचा गौरव करून मुलींना हिशेबाचे शिक्षण देण्याची शिफारस केली आहे. बॉस्टनमध्ये चांदीकाम करणारा पॉल रिव्हिअर (१७३५–१८१८) पित्याच्या मृत्यूच्या वेळी, १७५४ मध्ये, एकोणीस वर्षांचा होता. सज्ञानतेचे वय एकवीस असल्याने हत्यारे चालविण्यास समर्थ असूनही तो कायद्याने स्वतंत्र धंदेवाईक होऊ शकत नव्हता. अशा संधिकाळात विधवेचे नाव दुकानास कायदेशीर आधार देई.

ऐतिहासिक साधन म्हणून महत्त्व : वाटणीच्या निमित्ताने तयार झालेल्या याद्या, हिशेब व वाटपपत्रे हे वसाहतकालीन समाजाच्या आर्थिक इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे. ॲलिस हॅन्सन जोन्स या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १७७४ मधील याद्यांच्या आधारे तेरा वसाहतींतील संपत्तीचे मापन केले. या साधनास मर्यादाही आहेत. न्यू इंग्लंडबाहेरील याद्यांत जमिनीची नोंद बहुधा नसते. अत्यंत गरिबांच्या याद्या क्वचितच होत. आणि पतीच्या हयातीत मरण पावलेल्या स्त्रीच्या नावे कायद्याने काहीच नसल्याने तिची यादी होत नसे. ज्या घरांत स्त्रियांनी आयुष्यभर श्रम केले, त्या घरांच्या नोंदींत त्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून कोणतीही रक्कम आढळत नाही.

नंतरचे बदल : स्वातंत्र्ययुद्धाच्या काळापासून ज्येष्ठ पुत्राचे विशेषाधिकार संपुष्टात येऊ लागले. जॉर्जियाने १७७७ मध्ये व व्हर्जिनियाने १७८५ च्या अधिनियमाने ज्येष्ठाधिकार रद्द केला. मॅसॅचूसेट्सने १७८९ मध्ये व पेनसिल्व्हेनियाने १७९४ मध्ये दुप्पट वाटा रद्द केला. वायव्य प्रदेशासाठी केलेल्या १७८७ च्या अध्यादेशाने सर्व मुलांना समान हिस्सा दिला. विधवेस मात्र पूर्वीप्रमाणेच जंगमाचा एक-तृतीयांश व स्थावराच्या एक-तृतीयांशाचा हयातीपुरता उपभोग ठेवला. म्हणजे मुलांमधील विषमता दूर झाली, तरी विधवेच्या हक्काचे स्वरूप बदलले नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचे कायदे मिसिसिपीत १८३९ पासून व न्यूयॉर्कमध्ये १८४८ पासून होऊ लागले. खुद्द इंग्लंडमध्ये डॉवर १९२५ च्या अधिनियमाने रद्द झाला.

याच विधिपरंपरेची एक शाखा भारतात आली. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे स्थापन झालेल्या मेयर न्यायालयांस मृत्युपत्रे शाबीत करण्याचे व व्यवस्थापनपत्रे देण्याचे अधिकार होते. संतती असता विधवेस एक-तृतीयांश हा १६७० चा नियम १८६५ च्या व पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात उतरला आणि मुख्यतः ख्रिस्ती धर्मीयांस लागू झाला; गोव्यात पोर्तुगीज विधीवर आधारलेली निराळी व्यवस्था आहे. हिंदू धर्मशास्त्रातही ज्येष्ठ पुत्रास अधिक भाग देणारा ‘उद्धार’ सांगितलेला होता. परंतु मिताक्षरेने अशी विषम वाटणी लोकाचारास अमान्य म्हणून त्याज्य ठरविली. हिंदू विधवेस १९३७ च्या अधिनियमाने पतीच्या मालमत्तेत मिळालेला हक्क डॉवरप्रमाणेच मर्यादित स्वरूपाचा होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने त्याचे पूर्ण मालकीत रूपांतर केले.